गाळलेली सात वचने

देवदर्शनास आलेल्या एका वृद्ध महाजनांनी आमच्या काखेतील जाड पुस्तक पाहून विचारले, "वकीलबाब, ही नवी पोथी कसली?" आम्ही सांगितले, बायबल. क्षणभर थांबून ते म्हणाले, "आपल्या पोथ्या वाचून संपल्या वाटते?" प्रश्न थट्टेचा होता, आणि थट्टेत जेवढा आक्षेप शोभतो तेवढाच त्यात होता. तथापि ज्या मासिकाचे बहुतेक वाचक देवळाच्या सावलीत वाढलेले आहेत त्यांस या प्रश्नाचे उत्तर देणे आम्हांस प्राप्तच आहे. आणि ते देता देता स्वतःविषयी एक गोष्ट कबूल करणेही प्राप्त आहे, जी त्या दिवशी देवळाच्या पायरीवर आमच्याने सांगवली नाही.

पुस्तक काखेत येण्याचे कारण साधे आहे. आमच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर एक ख्रिस्ती गृहस्थ राहतात. वकिलीत ते आमचे ज्येष्ठ; दिवाणी काम कसे चालवावे, हे आम्ही निम्मे पुस्तकांतून आणि निम्मे त्यांच्याकडून शिकलो. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली, आणि रोज सकाळी चर्चमध्ये वाचला जाणारा बायबलातील भाग स्वतः वाचण्याची त्यांची चाळीस वर्षांची सवय खुंटली. न्यायालयात जाण्यापूर्वी अर्धा तास आम्ही त्यांच्याकडे जाऊ लागलो. पुस्तक रोमी लिपीतील कोंकणी. आम्ही अडखळत वाचतो, ते मान हलवून उच्चार दुरुस्त करतात, आणि सगळे संपले की चहा येतो. घरी परतल्यावर तोच भाग मराठी बायबलात पुन्हा पाहण्याची खोड आम्हांस लागली. वकिलाला उताऱ्याच्या मागेपुढे काय आहे ते पाहिल्यावाचून चैन पडत नाही.

या रोजच्या वाचनांची व्यवस्था मोठी मौजेची आहे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ मध्ये रोमन कॅथलिक चर्चने वाचनांचा नवा क्रम बांधला. रविवारचे चक्र तीन वर्षांचे, इतर वारांचे दोन वर्षांचे. वर्षातील सर्वसाधारण काळात वारांचे पहिले वाचन सम आणि विषम वर्षी वेगळे असते. शुभवर्तमानाचे वाचन मात्र दरवर्षी तेच. म्हणजे संदेष्टा आपल्या वाटेने चाललेला असतो आणि येशूची कथा आपल्या वाटेने; दोघांची एखाद्या सकाळी गाठ पडते ती कोणी मुद्दाम घालून दिलेली नसते. आपल्याकडे तिथी आणि वार यांचा योग जुळतो तसाच हा प्रकार. ज्यांनी गुरुचरित्राचे सप्ताह केले आहेत त्यांस नेमून दिलेल्या वाचनाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. आवडेल तो अध्याय उघडणारा वाचक बहुधा स्वतःलाच वाचीत असतो. नेमलेला अध्याय वाचणाऱ्यापुढे नको असलेलेही येते.

२७ जुलै २०२४ रोजी, शनिवारी, आमच्यापुढे आले ते यिर्मयाच्या सातव्या अध्यायाचे आरंभीचे भाग. यिर्मया हा यरुशलेमजवळच्या अनाथोथ गावच्या याजक घराण्यातला पुरुष. परमेश्वर त्यास सांगतो की मंदिराच्या दारात उभा राहा आणि आत जाणाऱ्यांना ऐकव. काय ऐकवावयाचे? हे मंदिर परमेश्वराचे आहे, म्हणून आपण सुरक्षित आहोत, असे जे तुम्ही एकच शब्द तीन तीनदा घोकून स्वतःला समजावता, त्यावर विसंबू नका. परका, पोरका आणि विधवा यांस छळणे सोडाल, निरपराध्याचे रक्त सांडणे सोडाल, शेजाऱ्याशी शेजाऱ्याप्रमाणे न्यायाने वागाल, तरच या भूमीत राहाल. चोरी करावी, खोटी शपथ वाहावी, मग या घरात येऊन उभे राहावे आणि आपण तरलो असे म्हणावे, तर हे घर काय लुटारूंची गुहा झाले आहे?

या गुहेच्या दृष्टान्तावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण तो फार प्रसिद्ध झाला आणि प्रसिद्धीमुळेच त्याचा अर्थ झिजला. पुढे सुमारे सहाशे वर्षांनी येशूने मंदिराच्या आवारातील सराफांची चौरंगे उलथून टाकली, त्या वेळी त्याने यशयाचे एक वचन आणि यिर्मयाचा हाच शब्द एकत्र उच्चारला, असे शुभवर्तमानकार सांगतात. तेव्हापासून लोक असे समजतात की लुटारूंची गुहा म्हणजे जेथे लूट होते ती जागा. देवळात पैशाचा व्यवहार चालला, त्याला उद्देशून ही टीका. पण लुटारू गुहेत लूट करीत नाही. लूट तो रस्त्यावर करतो. गुहेत तो परत येतो, हातपाय धुतो, आणि येथे आपल्याला कोणी पकडणार नाही या खात्रीने झोपतो. यिर्मयाची तक्रार मंदिरातील कृत्यांविषयी नाहीच. मंदिरात सारे यथासांग चालले होते. होम होत होते, सण होत होते, गर्दी होती. बाहेर केलेल्या अन्यायानंतर निर्धास्त होण्याचे ठिकाण म्हणून माणसे देवाचे घर वापरीत होती, ही ती तक्रार आहे. आमच्या समजुतीप्रमाणे हा आरोप देवळातील दक्षिणापेटीवर केलेल्या टीकेपेक्षा पुष्कळच जड आहे. दक्षिणापेटीचा हिशेब तपासता येतो. निर्धास्तपणाचा लेखापरीक्षक अजून नेमला गेलेला नाही.

त्याच सकाळी शुभवर्तमानाचे वाचन गव्हातील निदणाच्या दृष्टान्ताचे होते. शत्रूने रात्री येऊन शेतात निदण पेरले. चाकर म्हणतात, उपटून टाकू. धनी म्हणतो, नको. निदणाबरोबर गहूही उपटला जाईल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. एका कानात यिर्मया, दुसऱ्या कानात हा धनी. आम्ही वाचन संपवून पुस्तक मिटले तेव्हा बाबांनी विचारले, "कितें दिसता?" आम्हांस जे दिसत होते ते त्यांच्यापुढे बोलणे अवघड होते. तथापि आमचे मौन त्यांनी ओळखले.

कारण हे सारे आपण गोव्यात वाचत आहोत. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील आणि १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडली गेली. मंगेश कुठ्ठाळीहून नदी ओलांडून प्रियोळास आला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास आली. ज्या अंत्रुज महालात हे देव आश्रयास आले तो त्या वेळी विजापूरच्या आदिलशाहीच्या ताब्यात होता, हीही ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी मूळ स्थानाचे नाव आजही संकल्पात आणि लग्नपत्रिकेत टिकून आहे. ज्यांनी ती देवळे पाडली त्यांच्या हाती हेच पुस्तक होते. त्यात यिर्मयाही होता, निदण उपटू नका म्हणणारा धनीही होता. मूर्तींविरुद्धची वचने त्यांनी वाचली आणि दुसऱ्याच्या दारात जाऊन अंमलात आणली. तेव्हा आपल्या वाचकांपैकी कोणी म्हणाला की या पुस्तकाचे आम्हांस काय, तर त्याला आम्ही संकुचित म्हणणार नाही. जखम खरी आहे. ती धरून बसू नये असा उपदेश करण्याचा अधिकार जखम न झालेल्यांस तर मुळीच नाही.

हे आम्ही अखेर बाबांस बोललो. त्यांनी उत्तर द्यावयास वेळ घेतला. त्यांचेही पूर्वज पाच शतकांपूर्वी त्याच देवळांचे कुळावी होते, हे ते जाणतात आणि लपवीत नाहीत. मग म्हणाले, "दुसऱ्याचेर वाचपाचें न्हय हें, बाब. आपणाचेर वाचपाचें."

या एका वाक्याभोवती आमचा पुढचा आठवडा फिरला. दुसऱ्यावर वाचावयाचे नाही, स्वतःवर वाचावयाचे. संदेष्ट्याचे शब्द आणि सेनाधिकाऱ्याचे शब्द पुष्कळदा तेच असतात. एक आपल्याच मंदिराच्या दारात उभा राहून ते बोलतो, दुसरा परक्याच्या. यिर्मया ज्या मंदिराच्या नाशाची भविष्यवाणी करीत होता त्यावर त्याचे प्रेम होते. ते पाडले जावे अशी त्याची इच्छा नव्हती, पाडले जाऊ नये म्हणून तो बोलत होता. इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास बाबिलोनच्या सैन्याने ते खरोखरच जाळले, तेव्हा 'मी म्हटलेच होते' असे म्हणण्याचा आनंद त्याने घेतल्याचे कोठेही दिसत नाही.

अर्थात नियम एवढा सरळ ठरवला की लगेच आमोस आडवा येतो, आणि तो दडपून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आमोस हा दक्षिणेकडील यहूदा राज्यातील तकोवा गावचा मेंढपाळ. त्याने उत्तरेच्या राज्यात, बेथेलच्या मंदिरात जाऊन गरिबांना चपलांच्या जोडासाठी विकणाऱ्यांवर कोरडे ओढले. बेथेलचा याजक अमस्या त्यास म्हणाला की आपल्या देशी परत जा, तेथे पोट भर. हे राजाचे देवालय आहे. ही अगदी आमच्या धंद्यातील हरकत झाली: या न्यायालयास अधिकारक्षेत्र नाही. आमोस उत्तर देतो की मी धंद्याने संदेष्टा नाही, मला कळपामागून उचलून पाठविले आहे. तर मग परक्याने बोलूच नये असे कसे म्हणता येईल? आम्ही एवढेच म्हणू की आमोस बोलला आणि त्याच्या हातात काठीदेखील नव्हती. त्याच्यामागे सैन्य नव्हते, बेथेलची जमीन त्याला नको होती. अधिकारक्षेत्राचा वाद परक्याच्या जिभेवर चालतो. त्याच्या हातात कुदळ आली की वाद निराळाच होतो.

त्यानंतरच्या शुक्रवारी आणि शनिवारी, २ आणि ३ ऑगस्टला, यिर्मयाचा सव्विसावा अध्याय आला. धर्मग्रंथांत खटले पुष्कळ असतात, पण बहुतेकांत न्यायाधीश देव असतो आणि निकाल आधीच ठरलेला असतो. हा खटला माणसांपुढचा आहे. आम्ही तो वकिलाच्या डोळ्यांनी वाचला, आणि त्याबद्दल धार्मिक वाचकांनी क्षमा करावी.

यहोयाकीम राजाच्या कारकिर्दीच्या आरंभी, म्हणजे इ. स. पूर्व ६०९ च्या सुमारास, यिर्मया मंदिराच्या चौकात तेच बोलला. शिलो येथे पूर्वी परमेश्वराचे स्थान होते, ते उजाड झाले. हे घरही तसेच होईल. ज्यांची दैवते मूळ स्थान सोडून आली आहेत अशा वाचकांस 'शिलो' या शब्दाचे भाषांतर लागणार नाही. याजकांनी, दरबारी संदेष्ट्यांनी आणि लोकांनी त्यास धरले: तू मेलाच पाहिजेस. राजवाड्यातून अधिकारी आले आणि मंदिराच्या नव्या दाराशी बसले. फिर्यादी याजक, आरोप, या नगराविरुद्ध बोलला, साक्षीदार, ज्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकले ते. गुन्हा शाबीत करावयास आणखी काही नको होते.

आरोपीचा बचाव पाहावा. तो शब्द मागे घेत नाही. त्याचा विपर्यास झाला असेही म्हणत नाही. आमच्यापैकी कोणी त्याचा वकील असता तर हाच मुद्दा प्रथम काढला असता. तो म्हणतो, मला पाठविले आहे. तुम्ही आपली वर्तणूक सुधाराल तर अरिष्ट टळेल. मी तर तुमच्या हातात आहे, बरे दिसेल ते करा. मात्र मारलेत तर निरपराध्याचे रक्त तुमच्यावर येईल. दयेचा अर्ज नाही, धमकीही नाही. मग अधिकारी आणि लोक याजकांस म्हणतात की हा मरणदंडास पात्र नाही. सकाळी ज्या लोकांनी त्यास धरले होते तेच लोक दुपारी त्याच्या बाजूने उभे. लोकमताचा हा स्वभाव अडीच हजार वर्षांत बदललेला नाही.

शनिवारचे वाचन येथे सोळाव्या वचनावर थांबते आणि एकदम चोविसाव्यावर उडी घेते: शाफानाचा पुत्र अहीकाम याचा हात यिर्मयावर होता, म्हणून तो लोकांच्या हाती मरावयास दिला गेला नाही. आम्ही कोंकणीतून वाचताना जीभ अडखळली. लोकांनी तर सोडा म्हटले होते. मग लोकांपासून वाचवावयास अहीकाम कशाला? बाब हसले. म्हणाले, वकील झालास खरा. घरी येऊन मराठी बायबल उघडले, तो मध्ये सतरापासून तेविसापर्यंत सात वचने उभी होती.

त्या सात वचनांत दोन दाखले आहेत. देशातील काही वडीलधारे उठतात आणि सभेस आठवण देतात: हिज्कीया राजाच्या काळी मोरेशेथचा मीखा असेच बोलला होता, सीयोन शेतासारखे नांगरले जाईल असे. हिज्कीयाने त्यास मारले का? नाही, तो देवास भ्याला, आणि अरिष्ट टळले. मीखा आणि हा खटला यांत सुमारे शंभर वर्षांचे अंतर आहे. एवढ्या काळानंतर कोणाला तरी त्याचे शब्द जवळजवळ जसेच्या तसे आठवत होते. ते आठवणारे पुरोहित नव्हते आणि अधिकारीही नव्हते. ते गावचे म्हातारे होते. आम्हांस ठाऊक असलेल्या प्राचीन वाङ्मयात अनुकूल पूर्वनिर्णय भर सभेत सांगून आरोप्याच्या बाजूने उभे राहण्याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही.

पाठोपाठ दुसरा दाखला येतो, प्रतिकूल. शमायाचा पुत्र उरीया हाही यिर्मयासारखेच बोलला. राजाला राग आला. उरीया मिसर देशात पळाला. राजाने माणसे पाठवून त्यास तेथून आणविले, तलवारीने मारले आणि त्याचे प्रेत सामान्यांच्या दफनभूमीत फेकून दिले. हा दाखला कोणी सांगितला, त्या म्हाताऱ्यांनी की ग्रंथकाराने, हे मजकुरावरून स्पष्ट होत नाही. पण त्यानंतर चोविसावे वचन वाचले की अहीकामाच्या हाताचा अर्थ लागतो. शब्द तेच, काळ तोच, राजा तोच. एक वाचला, एक मारला गेला. दोघांच्या खरेपणात भेद नव्हता. एकाच्या वेळी कोणाला तरी जुनी गोष्ट आठवली आणि कोणीतरी हात पुढे केला, एवढाच भेद होता.

ही वचने गाळण्यामागे काही दुष्ट हेतू असेल असे आम्हांस वाटत नाही. वाचन लांबू नये, एवढेच कारण पुरेसे असावे. शिवाय त्या शनिवारी शुभवर्तमानाने उरीयाची जागा आपोआप भरून काढली. ते वाचन बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या वधाचे होते. हेरोदाने भावाची बायको ठेवली. हे तुला योग्य नाही असे योहान त्याच्या तोंडावर म्हणाला आणि तुरुंगात पडला. वाढदिवसाच्या मेजवानीत मुलगी नाचली, राजा मागशील ते देईन असे शपथेवर बोलून गेला, आणि तिने आईच्या शिकवणीने ताटात योहानाचे शिर मागितले. हेरोदाला वाईट वाटले, असे मत्तय मुद्दाम लिहितो. वाईट वाटले, परंतु शपथ होती आणि पंक्तीला बसलेले पाहुणे होते. येथे ना नवे दार, ना बसलेले अधिकारी, ना बचावाचे भाषण. आणि त्या पंक्तीत एकही म्हातारा उठला नाही.

आता आमची गोष्ट. २०२३ मध्ये एका देवस्थानच्या वतीने आम्ही एक प्रकरण चालविले. देवस्थानचे नाव सांगत नाही. दोष त्याचा असला तरी लेखणी आमची होती. अग्रशाळेच्या मागील दोन खोल्यांत एक कुटुंब तीन पिढ्या राहत होते. पालखीपुढे ढोल वाजविणे आणि आवार राखणे ही त्यांची सेवा. कर्ता पुरुष वारला. मागे विधवा आणि दोन शाळकरी मुले राहिली. सेवा करणारे कोणी उरले नाही, आणि त्या जागी भक्तनिवास बांधण्याचे समितीने ठरविले. बाईने १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याचा आधार घेतला. आमचे म्हणणे असे की घर देवस्थानने बांधलेले, राहणारा राखणदार म्हणून ठेवलेला. तेव्हा कायद्याच्या व्याख्येत तो मुंडकार बसत नाही. मुद्दा कायद्याने चुकीचा नव्हता. आम्ही तो आजही चुकीचा म्हणणार नाही.

प्रकरण चालू असता एक वृद्ध महाजन जुने इतिवृत्ताचे पुस्तक घेऊन आमच्या कचेरीत आले. सुमारे पन्नास वर्षांपूर्वी अशाच एका वाजंत्र्याच्या विधवेस तिच्या हयातीपर्यंत राहू द्यावे असा ठराव महाजनांच्या सभेने केला होता, आणि ही देवाच्या घरची रीत आहे असे त्यात लिहिले होते. त्यांनी विचारले, हे दाखल करावयाचे का? आम्ही पान वाचले आणि सांगितले की हे आपल्या कामाचे नाही. त्या उत्तरात असत्य काही नव्हते. आपल्या पक्षकारास प्रतिकूल कागद स्वतःहून पुढे करण्याचे बंधन वकिलावर नसते, आणि जुना ठराव पुढील समितीस कायद्याने बांधतोच असेही नाही. बाईचा वकील तरुण होता, आणि इतिवृत्त मागवून घेण्याचे त्यास सुचले नाही. निकाल आमच्याकडून लागला. पुढच्या जत्रेत सभामंडपात आमच्या खांद्यावर शाल घातली गेली, हातात नारळ आला, आणि आम्ही देवाकडे पाहून हात जोडले. मन स्वस्थ होते. हे विशेषतः नोंदवावेसे वाटते: मन अगदी स्वस्थ होते.

गुहा म्हणजे काय, हे त्यानंतरच्या जुलैत कळले.

दावीद राजाची गोष्ट पुष्कळांस ठाऊक असेल. त्याने एका सैनिकाची बायको घेतली आणि त्या सैनिकास युद्धात मारविले. नाथान संदेष्टा दरबारी येऊन त्यास एका श्रीमंताची कथा सांगतो, ज्याने गरिबाची एकुलती एक मेंढी पाहुण्यासाठी कापली. दावीद संतापून तत्काळ निकाल देतो, आणि मग त्यास कळते की हा खटला त्याचाच होता. दुसऱ्याच्या खटल्यात निकाल बरोबर देणे कठीण नाही. वकिलीच्या वीस वर्षांत आम्ही असा एकही पक्षकार पाहिला नाही ज्यास शेजाऱ्याच्या भांडणातील न्याय उमगत नव्हता. परक्याचे शास्त्र वाचण्याचा एक उपयोग, आमच्या मते, नाथानाच्या कथेसारखा आहे. आपल्या संतांनी पोकळ देवभक्तीवर याहून मऊ शब्द वापरलेले नाहीत. पण ते शब्द आपण टाळमृदंगावर इतकी वर्षे गाइले की त्यांची चाल लागते आणि अर्थ लागत नाही. आमच्या देवळात एकादशीला ध्वनिक्षेपकावरून जे ऐकू येते त्याने खरे तर अर्धी महाजन मंडळी उठून घरी जावयास हवी. प्रत्यक्षात आम्ही ठेका धरतो. यिर्मयाच्या शब्दांना आमच्या कानात चाल नव्हती, म्हणून ते टोचले. बाब म्हणतात की त्यांच्याकडेही स्थिती निराळी नाही; शनिवारी सकाळी यिर्मया ऐकावयास चर्चमध्ये दहाबारा म्हाताऱ्या असतात आणि निम्म्या जपमाळ ओढीत असतात. त्यांनी कदाचित आमचे तुकोबा वाचावेत.

येथे रायतूरची एक आठवण देणे अस्थानी होणार नाही. १६१६ मध्ये, म्हणजे साष्टीतील देवळे पडून पन्नास वर्षे होण्याच्या आत, त्याच साष्टीतील रायतूर येथे फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले: मराठीत, ओवीत, आणि लिपी रोमी. नवख्रिस्ती झालेल्या लोकांच्या हातून पुराणे गेली होती, आणि पुराणावाचून त्यांची सकाळ सुनी होत होती. त्या ग्रंथाचा पहिला भाग जुन्या कराराच्या कथेचा आहे. अन्यायाच्या आणि भक्तीच्या एकाच मातीतून तो उगवला, आणि त्यातील गहू कोणता व निदण कोणते, हे निवडण्याचे काम आमच्याने होणार नाही. पण संदेष्टे मराठीला परके नाहीत. चारशे वर्षांपूर्वी ते आपल्या ओवीत शिरले आहेत, आणि त्या महाजनांच्या थट्टेस आमचे अर्धे उत्तर हेच आहे.

उरलेले अर्धे उत्तर त्यांनाच द्यावयाचे होते, कारण इतिवृत्ताचे पुस्तक घेऊन आलेले वृद्ध महाजन ते हेच. पायरीवर त्यांनी पोथी विचारली तेव्हा आम्ही ख्रिस्तपुराण, भाषा, शेजारधर्म अशा गोष्टी सांगितल्या आणि निघून आलो. पुढे चार दिवसांनी त्यांच्या घरी गेलो. इतिवृत्त त्यांच्याच कपाटात होते. त्यांनी ते ओसरीवर आणून ठेवले, त्यावरची धूळ पंचाने पुसली, आणि कसर लागलेले पान काढून दिले.

"त्या वेळी तुम्ही म्हणाला होता, हे कामाचे नाही."

"होय."

"आता आहे?"

आम्ही काही बोललो नाही. खोल्या पाडल्या गेल्या आहेत, भक्तनिवासाचा पाया भरून झाला आहे. बाई मुलांना घेऊन सीमेपलीकडे भावाकडे राहते. मुलांच्या शाळेचे माध्यम बदलले आणि थोरल्याचे एक वर्ष गेले, असे कळते. अपिलाची मुदत केव्हाच संपली, आणि कायद्याने देवस्थान तिचे काही देणे लागत नाही. बांधावयाच्या इमारतीतील तळमजल्याच्या दोन खोल्या तिला हयातीपर्यंत द्याव्यात, जुन्या ठरावाच्या आधारे, असा अर्ज आम्ही एक महाजन या नात्याने लिहिला. शालीचा त्यात उल्लेख केला नाही. दुसरी सही त्या वृद्धांनी केली. चष्मा सापडेना, तेव्हा त्यांनी अर्ज आमच्याकडून दोनदा मोठ्याने वाचवून घेतला आणि मगच लेखणी उचलली. तिसरी सही अद्याप मिळालेली नाही. दोघांनी विचार करून सांगतो म्हटले आहे, एकाने आम्हांस नमस्कार करणे सोडले आहे. सभेची सूचना निघाली. विषय अकरावा आहे, रंगकामाच्या दरपत्रकांनंतर.